महिपती छापाची पक्कड

“घाई करू नको,” दस्तगीरचाचा म्हणाले. “दांडी धर आणि एका दमात काप.”

ते गुडघाभर पाण्यात उकिडवे बसले होते. डाव्या हातानं सात-आठ किलोची महाशीर पोटाशी कवटाळून धरली होती आणि उजवा हात त्या माशाच्या जबड्याला जणू शिवून टाकला होता. आम्ही टाकलेला नकली मासा वीतभर लांबीचा. त्याला दोन गळ, प्रत्येकाला तीन तीन तोंडं. पुढचा गळ माशाच्या ओठात होता. मासा सोडवताना त्यानं एक झटका दिला आणि मागचा गळ चाचांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आत गेला, पार बाकापर्यंत. आता मासा जितका हलेल तितका अंगठा ओढला जात होता.

मी कमरेची पक्कड काढली. माझीच पक्कड. माझ्या कारखान्यात घडलेली, मुठीवर माझं नाव ठोकलेली. तिच्या कात्रीत मागच्या गळाची दांडी धरली आणि सगळा जीव एकवटून दाबली.

गळ कापला गेला नाही. हाताला काहीतरी मऊ लागलं. पक्कड काढून बघतो तर कात्रीच्या दोन्ही पात्यांना गळाच्या जाडीची खाच पडली होती. साबणाला पडावी तशी.

“काप की रे!”

मी दुसऱ्या जागी धरून पुन्हा दाबली. या खेपेला जबडाच वाकला. तेवढ्यात माशानं शेपटी मारली. चाचांचा डावा हात सुटला आणि मासा सगळ्या वजनानिशी त्यांच्या अंगठ्याला लोंबकळला. त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी दगड उचलला.

“मारू नको तिला!” चाचा ओरडले. “महिपत, मारू नको!”

मी मारला. तीनदा. तिसऱ्या दगडाला ती शांत झाली.

ज्या माणसानं तीस वर्षांत एकही महाशीर घरी नेली नाही, ज्यानं प्रत्येक मासा ओल्या हातानं धरून, पाण्यात तोंड करून, त्याचा दम परत येईपर्यंत सांभाळून सोडला, त्याच्या डोळ्यांदेखत मी ती ठेचली. चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मेलेला मासा अंगठ्याला तसाच लटकलेला आणि ते त्याच्या खवल्यांवर हात फिरवत होते.

मी चाकूनं माशाचा ओठ कापला. नकली मासा अंगठ्यातच ठेवून, वर माझा शर्ट गुंडाळून, मोटरसायकलीवर त्यांना पुढ्यात बसवलं आणि धरणापासून मिरजेपर्यंत आणलं. वाटेत एकच गोष्ट ते बोलले.

“घरातली कातर आणायला पायजे होती.”

ते ऐकून माझ्या डोक्यात जाळ झाला. कारण ती कातर घरी ठेवायला मीच लावली होती.

दस्तगीर शिकलगार मिरजेत तानपुरे करायचे. करणारे तिथं पुष्कळ आहेत, पण चाचांकडं लोक येत ते जवारीसाठी. तानपुऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवरून जाते तिचा माथा केसभर घासावा लागतो. नेमका घासला तर तार बोलते, गुणगुणते. जरा जास्त घासला तर मुकी होते. हे काम डोळ्यानं होत नाही. उजव्या अंगठ्याखाली घोडी धरून, कानानं आणि त्या अंगठ्यानं होतं. त्यांना लागणाऱ्या बारीक कानशी मी बनवून द्यायचो. मी लोहाराचा पोर. बापाचा भाता होता, माझा कुपवाडला लेथ आणि मिलिंगचा कारखाना होता. कानशीच्या निमित्तानं ओळख झाली आणि रविवारी त्यांच्या मागं मागं धरणावर जाता जाता मलाही गळाचा नाद लागला.

नाद लागला तो माशांचा कमी, हत्यारांचा जास्त. परदेशी पकडी, ओठ धरायचे ग्रिपर, रबरी जाळ्या, सगळं मागवायचो. चाचांच्या झोळीत मिरजेच्या बाजारातला, दवाखान्यातून बाद झालेला एक लांब चिमटा आणि सायकलच्या दुकानातली जुनी तार कापायची कातर. बास.

“एवढ्या किमतीच्या पकडीनं मासा जास्त खूश होतो काय?” ते विचारायचे.

“चाचा, गळ काढताना वेळ कमी लागतो. मासा पाण्याबाहेर कमी राहतो.”

“हात ओला ठेव आणि गळाचे काटे चेपून टाक. त्याला पैसा लागत नाही.” मग माझ्या ग्रिपरकडं बोट दाखवायचे. “आणि हे काय? ओठाला धरून उभा टांगतोस तिला? तुला कुणी जबड्याला धरून टांगलं तर?”

ग्रिपरचं मला पटलं. मी तो सोडून दिला. पकडीवर मात्र मी हटलो नाही.

“चाचा, रोजचं काम तुमच्या चिमट्यानं होतंय, मान्य. पण एक दिवस गळ हातात शिरला आणि पलीकडून मासा ओढतोय, त्या वेळी हा चिमटा काय करणार? चांगल्या पकडीची किंमत त्या एका घटकेसाठी असते.”

“म्हणून कातर ठेवलीय.”

“ती गंजलीय. फेकून द्या. मी तुम्हाला करून देतो.”

असं त्या पकडीचं सुरू झालं. मी आठ महिने घालवले. परदेशी पकड उघडून तिचा प्रत्येक भाग मोजला. तिच्यात नसलेली एक गोष्ट मी केली, कात्रीची पाती अशी वळवली की हाताला लागून असलेला गळही कापता यावा. पोलाद चांगलं निवडलं. आणि पोलादापेक्षा महत्त्वाचं म्हणजे हार्डनिंग. लालभडक तापवून तेलात बुडवायचं, मग पुन्हा बेतानं गरम करायचं. माझा बाप त्याला पाणी पाजणं म्हणायचा. “पाणी पाजलं नाही तर ते पोलाद नव्हं, चिखल,” असं म्हणायचा. गळ कडक तारेचा असतो. त्याला कापायचं तर कात्री त्याहून कडक पाहिजे.

पहिल्या पन्नास पकडी मी एकेक तपासल्या. तपासणी सोपी आहे. पात्यावर कानस फिरवायची. पाणी नीट चढलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. नसेल तर चावते, कीस काढते. पन्नासच्या पन्नास घसरल्या.

विक्री उल्हासकडं होती. उल्हास म्हणजे माझा मेहुणा, माझी बायको कुमुद हिचा धाकटा भाऊ. कारखान्यात तो भागीदार. बोलायला तरबेज. पुण्या-मुंबईच्या गळवाल्यांच्या क्लबात त्यानं पकड पोचवली, इंटरनेटवर टाकली, आणि नावही त्यानंच काढलं.

“दाजी, ‘महिपती’ ठेवू. देशी नाव, परदेशी माल. लोक नावाला पैसे देतात.”

मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? मुठीवर नाव ठोकायचा पंच मी स्वतः कोरला. पन्नास पकडी महिन्यात संपल्या. मग उल्हासनं दोनशेची ऑर्डर आणली. दसऱ्याच्या आत त्या गेल्या, आणि त्याच खोक्यातली एक मी दस्तगीरचाचांना दिली, एक माझ्या कमरेला लावली. चाचांनी ती हातात घेऊन उघडझाप केली, तोल बघितला.

“हत्यार चांगलं आहे,” ते म्हणाले. माझ्या हाताची तारीफ त्यांनी तेवढी एकदाच केली. “चल, कातर ठेवली घरात.”

आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही धरणावर गेलो.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. अंगठा वाकवणारी शीर तुटली होती. गळानं नुसतं भोक पाडलं असतं तर निभावलं असतं. मासा लोंबकळला तेव्हा ती शीर फाटली. डॉक्टर म्हणाले, जोडतो, पण वाकेल याची खात्री देत नाही. चाचांची मुलगी जुलेखा धावत आली. तिनं मला विचारलं, “काका, काय झालं? तुम्ही होता ना तिथं?” मी वाकडी झालेली पक्कड खिशात घालून थेट कुपवाडला गेलो.

रविवार, कारखाना बंद. उल्हास एकटाच ऑफिसात खोकी बांधत बसला होता. नव्या ऑर्डरच्या पकडी, त्या दोनशेबरोबरच बनवलेल्या. मी एक खोकं फाडलं, पक्कड काढली आणि पात्यावर कानस ओढली. कानस चावली. दुसरी काढली. चावली. तिसरी, चौथी. टेबलावर भुरभुर कीस पडायला लागला.

“दाजी, काय करताय? पॅक केलेला माल आहे.”

मी वाकडी पक्कड त्याच्यासमोर आपटली.

“ही बघ. दस्तगीरचाचांचा अंगठा गेला. कात्रीला पाणी नाही. एकालाही नाही. हार्डनिंगला पाठवल्याच नाहीस तू!”

त्याचा चेहरा उतरला. “हार्डनिंगवाल्यांची भट्टी बंद होती, दाजी. पंधरा दिवस थांबायला सांगत होते. दसरा गेला असता. पुण्याच्या लोकांनी ऑर्डर रद्द केली असती. आणि कोण गळ कापतंय? लोक पकडीनं मासा सोडवतात, फोटो काढतात. शंभरातला एक माणूस...”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो खुर्चीसकट मागं गेला. मी त्याची कॉलर धरून उठवला आणि दुसरी वाजवली. आयुष्यात मी कुणावर हात टाकला नव्हता. त्या दिवशी थांबता येत नव्हतं. “त्या माणसाचा हात म्हणजे काय होता, माहीत आहे तुला? त्याच्या पोटावर नाही, त्याच्या कानावर पाय दिलास तू! माझ्या नावाखाली चिखल विकलास!” असं काय काय ओरडत होतो. शिव्या तर सांगतच नाही.

उल्हासच्या ओठातून रक्त आलं होतं. त्यानं ते मनगटानं पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर दिली.

“झालं मारून?” तो म्हणाला. “मग आता माझं ऐका. दसऱ्याच्या आधी दोनशेतला नमुना मी तुमच्या टेबलावर ठेवला होता. बुधवारी. तुम्ही कानस लावलीत. मी इथंच उभा होतो.”

“खोटं.”

“कानस चावली. आवाज मीपण ऐकला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी म्हणालो, हा एखादा राहिला असेल. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

माझा हात खाली आला.

“‘चालतंय’ म्हणालात, दाजी. ‘चालतंय, जाऊ दे.’ आणि पंच हातात घेतलात.”

खरं होतं ते. त्या बुधवारी दुपारी चार वाजता पुण्याहून दोन माणसं येणार होती, माझी मुलाखत घ्यायला, पकडीचा व्हिडिओ करायला. मी नवा शर्ट घातला होता. कानस पात्यावर फिरवली आणि ती चावली. लोहाराच्या पोराच्या हाताला ते कळायला अर्धा क्षणही लागत नाही. कळलंच होतं. खोकं उघडून अजून दहा काढून बघायला पाच मिनिटं पुरली असती. मग माल थांबला असता. मग ती माणसं येऊन काय बघणार होती? मी त्या पकडीवरचा कीस फुंकरीनं उडवला आणि नाव ठोकलं. संध्याकाळी कॅमेऱ्यापुढं मी बापाचं ते वाक्य सांगितलं, पाणी पाजल्याचं. लोकांना फार आवडलं.

आणि पुढच्या रविवारी त्याच खोक्यातली पक्कड मी चाचांच्या हातात दिली. न तपासता. तपासली असती तर कळलं असतं, म्हणून न तपासता.

उल्हासला मारताना जो राग अंगात होता तो कुठं गेला नव्हता. त्याला आता जायला दुसरी जागाच राहिली नव्हती.

संध्याकाळी पाचला मी दवाखान्यात गेलो. चाचांना वॉर्डात आणलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, वर टांगलेला. जुलेखा उशाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. भट्टी, दसरा, बुधवार, कानस, नवा शर्ट. काही वगळलं नाही. जुलेखा उभी राहिली. चाचांनी तिला डाव्या हातानं खाली बसवलं.

“त्या पोराला बडवलंस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं वाटलं?”

मी मान हलवली. नाही.

“त्याला तू बडवलंस. तुला कोण बडवणार?”

“तुम्ही बडवा, चाचा.”

“कशानं?” ते म्हणाले आणि टांगलेल्या हाताकडं बघितलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. “उल्हास बनिया आहे. त्याला कानस कळत नाही. त्यानं चोरी केली. तुला कळत होतं. तू काय केलंस त्याला नाव नाही माझ्याकडं.”

“चाचा...”

“मी तुझ्या भरवशावर कातर घरी ठेवली. दोन रुपड्यांची कातर, गंजलेली. पण ती कापत होती. तू मला शिकवलंस, चांगल्या हत्याराची किंमत एका घटकेसाठी असते. ती घटका आली तेव्हा तुझं नाव माझ्या हातात होतं, महिपत. नुसतं नाव.”

वॉर्डातले लोक बघायला लागले होते. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतला.

“किती विकल्या?”

“दोनशे.”

“परत आण.”

“आणतो. उद्याच सगळ्यांना...”

“सगळ्या. एकूण एक. शेवटची आणलीस की ये. तोवर माझ्या दारात येऊ नको, माझ्या पोरीशी बोलू नको, माझी विचारपूस करू नको. माझा एक अंगठा गेला. अजून एकशे नव्याण्णव माणसं पाण्यात हात घालतात.”

“चाचा, कारखान्याकडून भरपाई म्हणून...”

“जा,” दस्तगीरचाचा म्हणाले. मग त्या वॉर्डात, रागानं असे आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, ते ओरडले. “जा म्हणतो ना! जुलेखा, काढ याला बाहेर!”

या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

उल्हास त्याच आठवड्यात वेगळा झाला. कुमुद पाच वर्षं माझ्याशी कामापुरतं बोलली. भावाला मारलं म्हणून नव्हे. “त्याला मारून तू स्वतः सुटायला बघत होतास,” असं ती म्हणाली होती.

पकडी गोळा करणं वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. मी प्रत्येक क्लबाला लिहिलं, फोन केले, त्याच इंटरनेटवर माझ्या तोंडानं व्हिडिओ टाकला की ही पक्कड वापरू नका, हिला पाणी नाही, आणि हे मला माहीत होतं. त्याला हजार शिव्या आल्या. त्या मी सगळ्या वाचल्या. काही लोकांनी पकडी रागानं फेकून पाठवल्या, काहींनी कापून. गोव्याला एका माणसाच्या दारात मी दोन दिवस बसलो, कारण त्याला ती ‘दुर्मीळ’ म्हणून जपायची होती. पुण्यात एकानं मला सांगितलं, “अहो, माझी झकास चालते. तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.” त्याच्यासमोर मी त्याचाच गळ त्या पकडीत धरून दाबला. खाच पडलेली पाती त्यानं बोटानं चाचपली. मग त्यानं विचारलं, “एवढे पैसे घेऊन?” मी म्हणालो, “हो. एवढे पैसे घेऊन.”

चाचांचा अंगठा वाकला नाही. जवारीचं काम आता जुलेखा करते. चाचा बाजूला बसून ऐकतात आणि “अजून” किंवा “बास” एवढंच म्हणतात, असं एका गवयानं मला सांगितलं. तिचा हात बापाइतका तयार झालाय, असंही तो म्हणाला. ती कानशी कुठून आणते ते मी विचारलं नाही. त्यांच्या गल्लीतून मी जात नाही. मार्केटला जायचं तर मोठा वळसा पडतो.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक पार्सल आलं. आत पक्कड, कापडात नीट गुंडाळलेली, तेल लावलेली. सोबत चिठ्ठी. ‘साहेब, तुमचा व्हिडिओ मुलानं परवा दाखवला. अकरा वर्षं वापरतो आहे, कधी दगा दिला नाही. अशी पक्कड आता मिळत नाही. परत का मागवता ते नीटसं कळलं नाही, पण तिच्यावर तुमचं नाव आहे, तेव्हा तुम्ही विचार करूनच मागवत असाल, म्हणून पाठवतो.’

मी बाजारातून एक चांगली पक्कड घेतली, दुसऱ्याच कुणाच्या छापाची. तिच्या कात्रीनं धरणावरच्या त्या गळाच्याच जाडीचे चार गळ कापून बघितले, आणि उलट टपाली त्या गृहस्थांना पाठवली. त्यांची पक्कड शेगडीत टाकली, लाल झाल्यावर ऐरणीवर घेतली आणि नाव दिसेनासं होईपर्यंत ठोकली.

आता बारा राहिल्या.